छायाचित्रकलेच्या विद्यार्थ्याची तालीम

दरवर्षी ज्येष्ठ वद्यात आळंदी-देहूहून पालख्या निघाल्या की पुण्यापासून पंढरपूरपर्यंतच्या रस्त्याला, वारकऱ्यांच्या बरोबरीने, गळ्यात कॅमेरे अडकविलेल्या तरुण मुलामुलींची एक निराळी दिंडी चालताना दिसते, आणि तिच्यातील पुष्कळ जण छायाचित्रकलेचे विद्यार्थी असतात. हेच विद्यार्थी पुढे कार्तिकात पुष्करच्या उंटांच्या बाजाराला, देवदिवाळीला काशीच्या घाटांवर आणि परीक्षा आटोपल्या की लडाखला जातात; त्यासाठी आईबापांकडून पैसे मागून घेतात, थंडीवाऱ्यात उघड्यावर राहतात, आणि परतताना हजारो छायाचित्रे घेऊन येतात. त्यांच्या उत्साहाविषयी आणि कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु ज्या समजुतीने ते हा प्रवास करतात, म्हणजे प्रेरणा ही कोठेतरी दूर वास करणारी वस्तू असून तेथवर पोहोचले की ती आपसूक हाती लागते, ती समजूत या विद्येच्या उमेदवाराचे जितके नुकसान करते तितके दुसरे काहीही करीत नसेल, असे अनेक वर्षे विद्यार्थ्यांची कामे पाहून माझे मत झाले आहे, आणि ते येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचा इरादा आहे.

ही समजूत विद्यार्थ्याच्या मनात स्वयंभू उगवलेली नाही. छायाचित्रकलेचे रीतसर शिक्षण देणाऱ्या बहुतेक ठिकाणी एका सत्रात व्यक्तिचित्र, निसर्गदृश्य, वास्तू, वस्तुचित्रण, वेशभूषा असे पाच-सहा विषय उरकावयाचे, प्रत्येकाला दोन-तीन आठवडे द्यावयाचे, सत्राअखेर प्रत्येक विषयाची निवडक दहा छायाचित्रे पुठ्ठ्यावर चढवून दाखल करावयाची, आणि परीक्षकाने ती दहा पाहून गुण मांडावयाचे, असा शिरस्ता पडून गेला आहे. या शिरस्त्यात विद्यार्थ्याची सारी बुद्धी डोळे दिपवील असा विषय कोठे गाठता येईल या एकाच विवंचनेत खर्ची पडते, आणि त्यात त्याचा दोषही नाही, कारण विषयच तेजस्वी असला की तंत्रातील उणीव झाकली जाते व गुण मिळतात. काशीचा घाट पहाटे कोणीही टिपला तरी चित्रात काहीतरी भव्य उतरतेच. मात्र त्या भव्यतेत घाटाचे कर्तृत्व किती आणि टिपणाऱ्याचे किती, हे परीक्षकाला कळत नाही, आणि विद्यार्थ्याला तर त्याहून कळत नाही.

प्रेरणा खोटी असते असे मला म्हणावयाचे नाही. ती येते, आणि क्वचित एका क्षणात येऊन माणसाचे आयुष्य फिरवून जाते. १९३० च्या सुमारास हंगेरियन छायाचित्रकार मार्टिन मुंकाची याने टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचे जे छायाचित्र घेतले, ते आन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच तरुणाच्या पाहण्यात आले, आणि त्या एका चित्राने तो छायाचित्रणाकडे वळला. १९३२ मध्ये त्याने लायका कॅमेरा घेतला व त्याच वर्षी पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून झेप घेणाऱ्या माणसाचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र काढले. विद्यार्थ्यांना ही हकीकत मोठ्या आवडीने सांगितली जाते. परंतु त्याआधी काही वर्षे हा तरुण आंद्रे लोत या चित्रकाराच्या चित्रशाळेत रेषा, प्रमाण आणि रचना यांचा कसून अभ्यास करीत होता, हा तिचा पूर्वार्ध बहुधा गाळला जातो. सँ-लाझारच्या चित्रात उडी मारणाऱ्या माणसाच्या मागे, भिंतीवरील जाहिरातीत, तशीच झेप घेणारी एक लहानशी नर्तकी आहे, आणि पाण्यात त्या दोन्ही आकृतींचे प्रतिबिंब आहे. क्षणाच्या शंभराव्या हिश्श्यात असा मेळ ज्या डोळ्याला साधला तो डोळा चित्रशाळेत तयार झालेला होता. मुंकाचीचे चित्र इतर कितीतरी जणांनीही पाहिले असेल, आणि पान उलटून ते पुढे गेले असतील.

याहूनही जवळचे आणि मला अधिक मोलाचे वाटणारे उदाहरण सुब्रत मित्र यांचे आहे. ते चलच्चित्राचे छायालेखक. पण त्यांनी शिकण्याची जी पद्धत पत्करली ती स्थिरचित्राच्या विद्यार्थ्याने अक्षरशः गिरवावी अशी आहे. जाँ रन्वार हे फ्रेंच दिग्दर्शक ‘द रिव्हर’ या चित्रपटाच्या चित्रणासाठी बंगालमध्ये आले असता विशीच्या आतबाहेरच्या या मुलाने त्यांच्याकडे काम मागितले. काम मिळाले नाही, पण बाजूला उभे राहून पाहण्याची मुभा मिळाली. या मुभेचा त्याने जो उपयोग केला तो असा, की दिवा कोठे उभा केला, त्याच्यापुढे काय धरले, कॅमेरा कोठून कोठे सरकला, नट कोणत्या जागेवरून वळला, याची आकृत्यांसह टिपणे त्याने वहीत उतरून ठेवली, आणि ती इतकी काटेकोर होती की पूर्वीच्या प्रसंगाशी प्रकाश जुळविण्यासाठी खुद्द छायालेखक क्लोद रन्वार यांनी ती पाहावयास घेतली. पुढे सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रण या तरुणाच्या हाती सोपविले तेव्हा त्याने चित्रपटाचा कॅमेरा चालविलेलाही नव्हता. ‘अपराजितो’च्या वेळी पावसाच्या भीतीने काशीतल्या घराचा चौक उघड्यावर न उभारता कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावा लागला, आणि वरून झिरपणारा, सावली न पाडणारा तो मऊ उजेड दिव्यांनी कसा आणावा हा पेच पडला. सुब्रत मित्रांनी चौकावर पांढरे कापड ताणले, दिव्यांचे झोत त्यावर सोडले आणि परतून खाली येणाऱ्या प्रकाशात चित्रण केले. १९५६ साली पडद्यावर आलेले ते दृश्य पाहताना हा चौक छपराखाली आहे, अशी शंकादेखील येत नाही. ज्याने आधी खऱ्या चौकातला उजेड, तो कोठून येतो, कशावर पडतो आणि कोठे विरतो, इतक्या बारकाईने वाचला होता त्यालाच ही हिकमत सुचू शकली.

आपल्या महाराष्ट्रात तर अशा तालमीचा आद्य दाखला त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळके यांचा आहे. जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकून, छायाचित्रणाचा व मुद्रणाचा व्यवसाय करून हे गृहस्थ १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी प्रथम पौराणिक कथेला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी कॅमेरा एका जागी स्थिर केला, महिन्याहून अधिक काळ नेमाने त्या कोंबाच्या चौकटी टिपल्या, आणि ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा चित्रपट सिद्ध केला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली ती या वाटाण्याने. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळक्यांनी फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम घरच्या अंधारात शिकून घेतले, आणि मग १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला. होमाई व्यारावाला यांचेही तसेच. जे. जे. मध्ये शिकत असताना माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्या कॅमेरा शिकल्या आणि मुंबईतील आपल्या वर्गमैत्रिणी, त्यांच्या सहली, रस्त्यावरचे नित्याचे जीवन टिपू लागल्या. पुढे दिल्लीत राहून त्यांनी सत्तांतराचे, नेत्यांचे, राजकीय समारंभांचे जे दस्तऐवज देशाला दिले, त्यातील प्रसंगावधान आणि अंतराची अचूक जाण या सहलींच्या छायाचित्रांतच कमावलेली दिसते.

मग विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय करावे? माझ्याकडे येणाऱ्यांना मी घरातला पितळेचा तांब्या घ्यावयास सांगतो. तो चिंचेने लख्ख घासावा, भिंतीशी टेकविलेल्या मेजावर, उजव्या हाताला खिडकी येईल अशा बेताने ठेवावा, आणि पन्नास मिलिमीटरच्या साध्या भिंगातून त्याच्याकडे पाहावे. पहिल्याच चौकटीत ध्यानात येते की तांब्या दिसतच नाही. त्याच्या पोटावर खिडकीचे गज दिसतात, समोरची दोरीवर वाळत घातलेली लुगडी दिसतात, आणि मधोमध कॅमेरा घेऊन वाकलेली आपली आकृती दिसते. चकचकीत धातूचे छायाचित्र म्हणजे त्याच्या भोवतालाचे छायाचित्र, हा नियम व्याख्यानातून सांगितला तर वहीत राहतो, आणि असा समोर आला तर जन्मभर विसरत नाही. नंतर खिडकीवर पांढरा पातळ कागद लावावा. गज नाहीसे होऊन तांब्याच्या कडेने एकच रुंद, दुधाळ पट्टा उतरतो. दुसऱ्या अंगाला काळा पुठ्ठा उभा केला की त्या बाजूची कड गडद होऊन आकार पार्श्वभूमीपासून सुटा होतो, आणि पुठ्ठा बोटभर पुढेमागे केला तरी गळ्याचा बाक बदललेला दिसतो. तांब्या खिडकीपासून दूर न्यावा; प्रकाश कमी होतो हे तर खरेच, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की दूरवरून खिडकी लहान भासत असल्यामुळे मेजावर पडणाऱ्या सावलीची कड कठीण होत जाते. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीच्या आधी, अभ्र असताना आणि नसताना, हाच उद्योग महिनाभर केला, तर व्यक्तिचित्राच्या प्रकाशयोजनेचा निम्मा पाठ पुरा झाला असे खुशाल समजावे. कारण तांब्याच्या जागी आजीला बसविले तरी खिडकी तीच असते आणि गालावरच्या छायेचे नियम तेच असतात.

असल्या क्षुल्लक वस्तूत जन्म काय घालवावयाचा, असे ज्यांना वाटेल त्यांनी एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराची १९३० ची ढोबळी मिरची पाहावी. मिरच्यांची कितीतरी छायाचित्रे घेऊन झाल्यावर त्याने एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात बसविली, त्या वक्र पत्र्यावरून परतणारा उजेड तिच्या अंगाभोवती खेळला, आणि बाजारातल्या भाजीचे रूपांतर एका शिल्पात झाले. त्या चित्राचे नावच ‘मिरची क्रमांक ३०’ असे आहे, आणि तो आकडा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम मोठ्याने वाचावयास लावतो.

मापनाच्या बाबतीतही हीच कथा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला काळा पाषाण आणि पांढरे धोतर यांतला भेद कळत नाही. जे समोर येईल ते मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून तो हिशेब करतो, ज्या छटेचा नमुना म्हणून अठरा टक्के प्रकाश परतविणारे करडे कार्ड वापरण्याची वहिवाट आहे. म्हणून वेरूळच्या कैलासाचा काळा दगड चौकटभर घेतला तर तो धुरकट, राखेसारखा उतरतो, आणि त्याचा काळेपणा राखण्यासाठी मापकाच्या सल्ल्यापेक्षा एक-दीड स्टॉप प्रकाश कमी द्यावा लागतो. उलट, पांढऱ्या वेषातील दिंडी चौकटभर घेतली तर ती मळकट होते व तेथे तितकाच वाढवावा लागतो. भर दुपारी पांढऱ्या टोपीखालचा सावळा चेहरा टिपताना तर दोन्ही पेच एकदम उभे राहतात, आणि टोपीचे सूत राखावे की डोळ्यांतला भाव राखावा हा निर्णय त्या क्षणी छायाचित्रकारालाच करावा लागतो. वारीला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या कामात मला वारंवार दिसते ते असे, की श्रद्धा आहे, गर्दी आहे, रंग आहे, पण टोपीखाली चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख आहे. हा निर्णय घराच्या अंगणात, धाकट्या भावाला टोपी घालून उन्हात उभे करून आधी घेतलेला असता, तर रस्त्यावर त्यासाठी विचार करण्याची गरजच पडली नसती.

अशी सिद्धता प्रसंगी काय करू शकते हे १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोमधील हर्नांदेझ या खेड्यापाशी दिसून आले. मावळतीचा उजेड स्मशानातील पांढऱ्या क्रुसांवर पडला आहे आणि मागे चंद्र उगवला आहे, असे दृश्य मोटारीतून जाताना छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांना दिसले. त्यांनी घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, पण प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या बिंबाची तेजस्विता दर चौरस फुटाला अडीचशे कँडल असते हे त्यांना मुखोद्गत होते. त्यावरून त्यांनी मनाशी हिशेब मांडला, एक निगेटिव्ह घेतली, आणि दुसरी घेण्याची तयारी करीपर्यंत क्रुसांवरचा उजेड निघून गेला. लोक या चित्राला दैवाची देणगी म्हणतात. दृश्य दैवाने दिले हे कबूल. पण तो आकडा पाठ असणे ही दैवाची करामत नव्हती.

आता माझा मुख्य आग्रह. परीक्षकांनी विद्यार्थ्याची निवडक दहा छायाचित्रे पाहून गुण देणे बंद करावे आणि त्याच्या सर्व चौकटी, घेतल्या त्या क्रमाने, मागवाव्यात. फिल्मच्या काळी छत्तीस चौकटींची पट्टी एका कागदावर थेट छापून जी कॉन्टॅक्ट शीट तयार होई, तिच्यात विद्यार्थ्याचे मन उघड्या वहीसारखे वाचता येत असे: तो कोठे घुटमळला, कोठे एक पाऊल पुढे टाकले, कोठे कंटाळून वळला आणि पुढल्याच चौकटीत हवे ते कसे सापडले, हे सारे तेथे असे. आज फसलेली चौकट कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर पाहिली की तेथल्या तेथे पुसून टाकण्याची सवय लागली आहे, आणि त्या एका दाबासरशी शिकण्याचा सर्वांत मौल्यवान दस्तऐवज नष्ट होतो. वास्तविक आजच्या विद्यार्थ्याला पूर्वीच्यांना नव्हती अशी एक मोठी सोय आहे: प्रत्येक फाइलच्या पोटात अॅपर्चर, शटरचा वेग, आयएसओ आणि वेळ यांची नोंद कॅमेरा स्वतः करून ठेवतो. प्रकाश कोणत्या बाजूने आला, भिंत पांढरी होती की निळी, माणूस खिडकीपासून किती हात दूर होता, हे मात्र कोणताही कॅमेरा लिहून ठेवीत नाही. ते सुब्रत मित्रांप्रमाणे हातानेच वहीत काढावे लागते. चौकटी आणि वही अशी दोन्ही परीक्षकांपुढे आली तर कोणत्या विद्यार्थ्याने प्रवास केला आणि कोणत्या विद्यार्थ्याने अभ्यास केला, हे पाच मिनिटांत कळेल.

यावर व्यवहारी माणसे हरकत घेतील की, मुलाला उद्या पोट भरावयाचे आहे. लग्नसराई आली की त्याला मांडव, जेवणावळ, वरात सारेच टिपावे लागेल, तेथे एका तांब्याची तालीम काय कामाची? हरकत प्रामाणिक आहे, कारण आपल्याकडे या विद्येवर संसार चालविणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग लग्नकार्यांवर जगतो, आणि मला त्या कामाविषयी यत्किंचितही तुच्छता नाही. परंतु अंतरपाट दूर होऊन अक्षता पडण्याचा क्षण एकदाच येतो, जरीच्या शालूवरचे झगमगते बिंदू, वराचा पांढरा फेटा, शेजारी उभ्या मामाचा काळा कोट आणि मांडवाच्या पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड असे चार शत्रू त्या एका चौकटीत एकत्र होतात, आणि त्या वेळी ज्याचा हात अॅपर्चरच्या चाकावर न पाहता फिरतो त्याचीच चौकट साधते. गवयाने षड्ज पक्का केल्यावर त्याला कोणत्याही मैफलीत बसता येते. आपल्या उमेदवाराला मात्र आपण पहिल्या दिवसापासून मैफलीत बसवितो.

पाहण्याची तालीम हीसुद्धा करण्याच्या तालमीइतकीच आवश्यक आहे, आणि येथे मला संस्थांबरोबर शासनाकडेही मागणे आहे. मुंबईत १८५४ साली, म्हणजे दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा झाल्यावर अवघ्या पंधरा वर्षांत, फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. एवढी जुनी परंपरा असूनही लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला हाताने छापलेले उत्तम छायाचित्र डोळ्यांसमोर धरून पाहण्याची संधी जवळजवळ नाही. मुंबईत राहणाऱ्याला निदान नरिमन पॉइंटच्या पिरामल कलादालनात जाता येते. बाकीचे सर्व जण हातातल्या फोनच्या काचेवर, मागून उजळलेली, बोटाने सरकविलेली चित्रे पाहतात. कागदावरचे काळे किती खोल असू शकते आणि पांढऱ्यात किती पायऱ्या असतात, हे त्या काचेवर समजणे अशक्य आहे. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने पन्नास उत्तम मुद्रिते बाळगून ती पुस्तकांप्रमाणे वाचनगृहात पाहावयास द्यावीत, आणि गावोगावच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर पडलेल्या काचेच्या निगेटिव्ह भंगारात जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून त्यांची मुद्रिते करून घ्यावीत, अशी तजवीज फारशा खर्चाची नाही. आपल्याच गावातली जुन्या काळची आजोबा-आजींची चित्रे छापता छापता, त्या अज्ञात कारागिराने उत्तरेच्या खिडकीचा कसा उपयोग केला हे त्या मुलाला कळेल, आणि त्याला प्रेरणेसाठी तिकीट काढावे लागणार नाही.

सत्र जूनमध्ये सुरू होते, आणि पावसाळा हा कॅमेऱ्याचा बंद हंगाम आहे, अशी एक चुकीची समजूत आपल्याकडे रूढ आहे. कलकत्त्याच्या स्टुडिओत ज्या उजेडासाठी कापड ताणावे लागले तोच उजेड महाराष्ट्राच्या आकाशात आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे फुकट उपलब्ध असतो. ओसरीवर बसविलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली सावली पडत नाही, ओला काळा पाषाण आपला खरा रंग दाखवितो, आणि हिरव्याच्या शेकडो छटा एकाच स्टॉपमध्ये मावतात. म्हणून येत्या सत्रात निदान एखाद्या संस्थेने हे करून पाहावे: पहिले चार महिने प्रत्येक विद्यार्थ्याला एकच भिंग आणि घरापासून पायी जाता येईल अशी एकच जागा नेमून द्यावी, रोजच्या टिपणाची वही सक्तीची करावी, एकही चौकट पुसण्यास मनाई करावी, सप्टेंबरअखेर सर्व चौकटी क्रमवार परीक्षकांपुढे ठेवाव्यात, आणि त्यानंतर पुष्कर, काशी, लडाख यांपैकी ज्याला जेथे जावयाचे असेल तेथे जाण्यास त्याला आनंदाने रजा द्यावी.